लंगोटावरच्या डागापासून डोळ्यांतल्या थेंबापर्यंत

तान्ह्या बाळाच्या डोळ्यात मोतीबिंदू दिसला, तर डॉक्टर कधीकधी त्याचे दूधच बंद करायला का सांगतात? एखाद्या मुलाच्या दोन्ही डोळ्यांतली जखम महिनोन्महिने औषध घालूनही भरत नाही आणि जेवणातली प्रथिने कमी केल्यावर काही आठवड्यांत भरून येते, हे कसे? डोळ्याच्या आजाराचे मूळ डोळ्यातच असेल असे आपण धरून चालतो. काही आजारांत मात्र ते यकृतात किंवा पेशीपेशीत असते आणि ते आईबापांकडून आलेले असते. हे समजण्याची किल्ली ज्या डॉक्टरने शोधली, तो नेत्रतज्ज्ञ नव्हता. लहान मुलांच्या लघवीचा रंग तपासणाऱ्या या इंग्रज डॉक्टरांचे नाव सर आर्चिबाल्ड गॅरॉड.

घरातूनच मिळालेली दिशा

गॅरॉड यांचा जन्म २५ नोव्हेंबर १८५७ रोजी लंडनमध्ये झाला. वडील सर आल्फ्रेड बॅरिंग गॅरॉड हे नावाजलेले डॉक्टर. गाऊटच्या रोग्यांच्या रक्तात युरिक आम्ल वाढलेले असते, हे त्यांनीच दाखवून दिले होते. शरीरात एखादे रसायन प्रमाणाबाहेर साठले की त्यातून आजार उभा राहतो, हा विचार आर्चिबाल्ड यांना घरातच भेटला. ऑक्सफर्डला निसर्गविज्ञान शिकून त्यांनी लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात वैद्यकीचे शिक्षण घेतले. पुढे एक हिवाळा व्हिएन्नात शिकण्यात घालवला. १८८६ मध्ये लॉरा स्मिथ यांच्याशी त्यांचे लग्न झाले.

डॉक्टर म्हणून त्यांची चढती कमान मात्र नव्हती. रुग्णालयातल्या वरच्या जागा रिकाम्या होण्याची वाट पाहण्यात बरीच वर्षे गेली. सेंट बार्थोलोम्यूमध्ये पूर्ण दर्जाचे फिजिशियन व्हायला १९१२ साल उजाडले. १८९२ पासून ते लंडनमधल्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथील मुलांच्या रुग्णालयातही काम करत होते. उरलेला वेळ प्रयोगशाळेत जाई. लघवीला रंग कशामुळे येतो, आजारात तो का बदलतो, हा त्यांचा आवडता विषय. या कामात काही काळ त्यांच्या जोडीला फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स होते. हेच हॉपकिन्स पुढे जीवनसत्त्वांवरील कामासाठी नोबेलचे मानकरी झाले.

काळे पडणारे लंगोट

एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी गॅरॉड यांच्याकडे एक तान्हे बाळ आले. त्याच्या लंगोटांवर तपकिरी-काळे डाग पडत. या विकाराला अल्काप्टोन्युरिया म्हणतात, हे तेव्हा माहीत होते. अशा माणसाच्या लघवीत होमोजेंटिसिक आम्ल असते आणि हवेत राहिले की ते काळे पडते, हेही ठाऊक होते. पण ते येते कुठून? आतड्यातले कसले तरी जंतू ते तयार करत असावेत, असा तेव्हाचा समज होता.

गॅरॉड यांना तो पटेना. एरवी ते बाळ ठणठणीत होते. संसर्ग असता तर तो कमीजास्त झाला असता, कधी तरी गेला असता. इथे डाग जन्मापासून होते आणि रोज होते. काही काळाने त्या आईला पुन्हा दिवस गेले, तेव्हा गॅरॉड यांनी नव्या बाळाच्या लंगोटांवर पहिल्या तासापासून लक्ष ठेवायला सांगितले. मार्च १९०१ मध्ये बाळ जन्मले आणि तीन दिवसांच्या आत त्याचेही लंगोट काळे पडू लागले. जंतूंचा संशय त्यामुळे जवळजवळ मिटलाच.

त्याच सुमारास दुसरी गोष्ट कळली. त्या बाळाचे आईवडील सख्ख्या भावंडांची मुले होती. गॅरॉड यांनी अल्काप्टोन्युरिया असलेल्या इतर कुटुंबांची चौकशी केली. तिथेही असे नात्यातले विवाह वारंवार आढळले. इंग्लंडमध्ये एकूण विवाहांत अशा विवाहांचे प्रमाण थोडे होते, म्हणून हा योगायोग वाटेना. मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम तेव्हा नुकतेच, १९०० मध्ये, विस्मृतीतून बाहेर आले होते. केंब्रिजचे जीवशास्त्रज्ञ विल्यम बेटसन यांनी गॅरॉड यांची निरीक्षणे वाचली आणि धागा जुळला. आईकडून एक आणि वडिलांकडून एक, असे दोन्ही सदोष घटक एकत्र आले तरच हा विकार प्रकट होतो. एकच सदोष असेल तर माणूस निरोगी राहतो आणि दोष मुकाट्याने पुढच्या पिढीत जातो. १९०२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात गॅरॉड यांनी हे मांडले. माणसाच्या आजाराला मेंडेलचा नियम लावण्याच्या अगदी पहिल्या प्रयत्नांपैकी हा एक.

पाटाचे बंद दार

१९०८ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये त्यांनी चार आजारांवर व्याख्यानमाला दिली: अल्काप्टोन्युरिया, अल्बिनिझम म्हणजे कोडापेक्षा वेगळा असा जन्मजात वर्णहीनपणा, सिस्टिन्युरिया आणि पेंटोसुरिया. पुढच्या वर्षी तिचे पुस्तक निघाले. चयापचयातले जन्मजात दोष, हा शब्दप्रयोग तेव्हापासून वैद्यकशास्त्रात रूढ झाला.

त्यांची कल्पना शेतातल्या पाटावरून सहज समजते. अन्न शरीरात एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर जात बदलत राहते. प्रत्येक पायरीवर पाटाचे एक दार असते आणि ते उघडण्याचे काम एका विशिष्ट एन्झाइमचे. ते एन्झाइम जन्मतःच नसेल तर दार बंद राहते. मग तीन गोष्टी होतात. दाराच्या वरच्या बाजूला पाणी तुंबते, खालचे वाफे कोरडे राहतात आणि तुंबलेले पाणी कधी बांध फोडून भलतीकडे शिरते. आजार या तिन्हींपैकी कशानेही होऊ शकतो.

त्या चार आजारांपैकी दोन डोळ्यात दिसतात, आणि दोन्ही टायरोसिन या एकाच पदार्थाच्या वाटेवरचे आहेत. प्रथिनांमधून मिळणाऱ्या टायरोसिनपासून शरीर मेलॅनिन हे रंगद्रव्य बनवते. ते दार बंद असेल तर त्वचा व केस पांढरे राहतातच, शिवाय डोळ्याचा पडदा, म्हणजे दृष्टिपटल, नीट घडत नाही. नजर अधू राहते, डोळे सतत हलतात, उजेड सोसत नाही. हा झाला कोरडा राहिलेला वाफा. अल्काप्टोन्युरियात टायरोसिन मोडण्याच्या वाटेवरचे दार बंद असते. तुंबलेले होमोजेंटिसिक आम्ल वर्षानुवर्षे कूर्चेत आणि सांध्यांत साचत जाते. तिशीच्या आसपास डोळ्याच्या पांढऱ्या भागावर करडे-काळे ठिपके उमटतात. १९०४ मध्ये विल्यम ऑस्लर यांनी जिवंत रुग्णांत हे ठिपके पाहून त्यांचे वर्णन केले. त्यांनी नजर सहसा बिघडत नाही, पण पाठीचा कणा आणि सांधे झिजायला लागल्याची ती खूण असते.

युद्ध, शोक आणि दुर्लक्ष

पुस्तकाचा आदर झाला, परिणाम मात्र झाला नाही. डॉक्टरांना हे आजार इतके दुर्मीळ वाटले की त्यांतून शिकण्यासारखे काही दिसेना. अल्काप्टोन्युरिया साधारण अडीच लाख ते दहा लाखांत एखाद्यालाच होतो. आनुवंशिकतेचे अभ्यासक वाटाण्याची रोपे आणि माश्या मोजण्यात गुंतले होते, त्यांना रसायनशास्त्रात रस नव्हता. रसायनशास्त्रज्ञांना वंशवेलीशी देणेघेणे नव्हते. तिन्ही विषयांच्या मध्ये उभा असलेला माणूस एकटा पडला.

त्यात पहिले महायुद्ध आले. गॅरॉड यांनी माल्टा बेटावर लष्करी रुग्णालयांचे सल्लागार डॉक्टर म्हणून काम केले आणि १९१८ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली. पण या वर्षांनी घर रिकामे केले. तीन मुलांपैकी दोन युद्धात गेले. तिसरा लढाई संपेपर्यंत वाचला आणि १९१९ मध्ये फ्लूच्या साथीत दगावला. मागे राहिली एकुलती मुलगी डोरोथी. तिने पुरातत्त्वशास्त्रात नाव काढले आणि १९३९ मध्ये ती केंब्रिज विद्यापीठातली पहिली स्त्री प्राध्यापक झाली. ते पाहायला वडील नव्हते.

१९२० मध्ये ऑस्लर यांच्या निधनाने रिकामे झालेले ऑक्सफर्डचे मानाचे प्राध्यापकपद गॅरॉड यांच्याकडे आले. १९२७ मध्ये ते निवृत्त झाले. १९३१ मध्ये त्यांनी आणखी एक पुस्तक लिहिले. प्रत्येक माणूस रासायनिकदृष्ट्या वेगळा असतो, म्हणून एकच रोग एकाला धरतो आणि दुसऱ्याला सोडतो, असा त्याचा आशय होता. तेही फारसे कोणी वाचले नाही. २८ मार्च १९३६ रोजी केंब्रिजमध्ये त्यांचे निधन झाले. ज्या आजारांचे मूळ त्यांनी उलगडले, त्यांपैकी एकावरही त्यांच्या हयातीत औषध निघाले नव्हते.

कल्पना कामाला लागली

१९४१ मध्ये अमेरिकेत जॉर्ज बीडल आणि एडवर्ड टेटम यांनी बुरशीवरच्या प्रयोगांतून एक जनुक एका एन्झाइमचे नियंत्रण करते असे दाखवले. १९५८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले, तेव्हा बीडल यांनी हा विचार गॅरॉड यांनी खूप आधी मांडल्याचे आवर्जून नमूद केले. त्याच वर्षी अल्काप्टोन्युरियाच्या रुग्णाच्या यकृतात ते एन्झाइम खरोखरच नसल्याचे सिद्ध झाले. पन्नास वर्षांपूर्वी केवळ तर्काने सांगितलेले दार सापडले.

दार कुठले बंद आहे हे कळले की उपचाराची दिशाही कळते. वरून येणारे पाणी कमी करायचे, किंवा तुंबलेले उपसून काढायचे, किंवा खालच्या वाफ्याला दुसरीकडून पाणी द्यायचे. डोळ्यांच्या बाबतीत यातले पहिले दोन मार्ग फार उपयोगी पडले.

गॅलॅक्टोसेमिया घ्या. या आजाराचे पहिले वर्णन १९०८ सालचेच, व्हिएन्नातले. दुधातल्या साखरेतून निघणारे गॅलॅक्टोज हे बाळ पचवू शकत नाही. तुंबलेले गॅलॅक्टोज डोळ्याच्या भिंगात शिरते आणि तिथे त्याचे गॅलॅक्टिटॉल बनते. ते भिंगातून बाहेर पडू शकत नाही, पाणी ओढून घेते आणि भिंग गढूळ होते. हाच तो मोतीबिंदू. निदान लवकर झाले आणि आईचे, गाईचे, म्हशीचे असे सगळे दूध बंद करून दुधातली साखर नसलेला, बहुधा सोयाबीनचा आहार सुरू केला, तर सुरुवातीचा गढूळपणा शस्त्रक्रियेविना निवळू शकतो. उशीर झाला तर भिंग काढावे लागते. उशीर आणखी वाढला तर भिंग काढूनही पुरी नजर येत नाही, कारण पहिल्या महिन्यांत स्पष्ट चित्र न मिळालेला मेंदू बघायला शिकतच नाही. या आजाराच्या ठरावीक तीव्र प्रकारात कावीळ, उलट्या आणि जंतुसंसर्गाने जिवालाही धोका असतो. म्हणून इथे दिवस मोजायचे असतात.

टायरोसिनच्याच वाटेवरचे आणखी एक दार बंद असेल तर टायरोसिनेमियाचा दुसरा प्रकार होतो. जादा टायरोसिनचे स्फटिक कॉर्नियात, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यात साचतात. डोळे लाल होतात, पाणी वाहते, उजेड टोचतो. तपासणीत फांद्यांसारखी जखम दिसते आणि ती नागिणीच्या जातीतल्या हर्पिस विषाणूची वाटते. त्यावरची औषधे घातली जातात, उपयोग होत नाही. हर्पिस बहुधा एकाच डोळ्याला होतो, इथे दोन्ही डोळे धरलेले असतात आणि पुष्कळदा तळहात-तळपायांवर दुखरे घट्टे असतात. रक्तातले टायरोसिन मोजले की उलगडा होतो. टायरोसिन व फेनिलॲलॅनिन कमी असलेला आहार हाच उपचार. त्यानंतर कॉर्निया थोड्याच काळात सुधारते.

सिस्टिनोसिसमध्ये पेशीतल्या लायसोसोम नावाच्या कप्प्यातून सिस्टिन बाहेर पडत नाही. नाव सारखे असले तरी गॅरॉड यांच्या यादीतल्या सिस्टिन्युरियाहून हा आजार वेगळा. यात मूत्रपिंडे निकामी होत जातात आणि कॉर्नियात सुईसारखे स्फटिक भरतात. मूल उजेडात डोळे उघडू शकत नाही. सिस्टिॲमिन हे औषध तुंबलेले सिस्टिन उपसून बाहेर काढते. मात्र तोंडाने घेतलेले औषध मूत्रपिंडांना उपयोगी पडले तरी कॉर्नियातल्या स्फटिकांना धक्का लागत नाही, कारण कॉर्नियात रक्तवाहिन्याच नसतात. म्हणून त्याचे थेंब वेगळे बनवावे लागले. जागेपणी दर तासाला थेंब घालायचे, तेही कायम. हे किती कष्टाचे आहे ते अशा मुलाच्या घरच्यांना विचारावे. पण नियमाने घातले तर स्फटिक काही महिन्यांत विरघळू लागतात आणि मूल उन्हात खेळू शकते. पुढे दिवसातून चार वेळा घालायचा घट्ट थेंबही निघाला.

वर्णहीनपणात मात्र डोळ्याचा पडदा जन्माआधीच कमी घडलेला असतो. तिथे आजही योग्य चष्मा, गडद काचा, भिंगे आणि शाळेत पुढच्या बाकावर जागा, याच गोष्टी उपयोगी पडतात.

उपायाचा अपाय

गॅरॉड यांच्या मूळ आजाराची गोष्ट सर्वांत बोलकी. तणनाशकांच्या संशोधनातून निटिसिनोन हे औषध निघाले. ते टायरोसिनच्या वाटेवरचे, होमोजेंटिसिक आम्लाच्या आधीचे दार मुद्दाम बंद करते. आम्ल तयारच होत नाही, म्हणून साचतही नाही. २०२० मध्ये युरोपीय संघाने अल्काप्टोन्युरियाच्या प्रौढ रुग्णांसाठी ते मान्य केले. पहिल्या बाळापासून हे औषध येईपर्यंत १२० वर्षे गेली.

पण दार अलीकडचे बंद केले की पाणी अलीकडे तुंबणारच. निटिसिनोनने रक्तातले टायरोसिन वाढते आणि काही रुग्णांच्या कॉर्नियात त्याचे स्फटिक धरतात. औषध सांध्यांसाठी दिले, त्रास डोळ्यांना. म्हणून या औषधाबरोबर प्रथिने बेताने खायची, टायरोसिन मोजत राहायचे आणि डोळे दुखले, लाल झाले, उजेड सोसेना तर लगेच नेत्रतज्ज्ञाकडे जायचे असते. त्यावर मात्रा कमी करण्याचा किंवा औषध काही काळ थांबवण्याचा निर्णय डॉक्टर घेतात. गॅरॉड यांनी सांगितलेला हिशेब इथे जसाच्या तसा लागू पडतो.

आपल्यासाठी काय?

महाराष्ट्रात अनेक समाजांत मामाची मुलगी करण्याची रीत आहे. अशा जोडप्यांची बहुतेक मुले निरोगीच असतात, त्यामुळे कोणाला दोष देण्याचे कारण नाही. मात्र सख्ख्या भावंडांच्या मुलांमध्ये सरासरी एक अष्टमांश जनुके समान असतात. म्हणून एकाच प्रकारचा दडलेला दोष दोघांत असण्याची शक्यता वाढते. दोघांत तो असेल, तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. एका मुलाला आजार असेल तर पुढच्या वेळी जनुकीय सल्ला घ्यावा, आणि डॉक्टरांनी विचारले नाही तरी नात्यातले लग्न असल्याचे आपण होऊन सांगावे.

बाळाच्या बाहुलीत पांढरी झाक दिसणे, उजेडाला मूल सतत डोळे मिटून घेणे, दोन्ही डोळ्यांतली जखम औषधाने न भरणे, तान्हेपणी लघवी काळी पडणे, यांतले काहीही दिसले तर थांबू नये. बाळाच्या प्रत्येक मोतीबिंदूमागे गॅलॅक्टोसेमिया नसतो. म्हणून तपासणीआधी आपल्या मनाने अंगावरचे दूधही तोडू नये. रक्ताच्या आणि लघवीच्या चाचण्यांनी खरे कारण कळते. केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणानुसार मुंबईचे केईएम रुग्णालय अशा आजारांच्या उपचारांचे एक उत्कृष्टता केंद्र आहे.

गॅरॉड यांच्या हाती औषध नव्हते. होते ते एका गरोदर आईला पुढच्या बाळाच्या लंगोटांकडे लक्ष ठेवायला सांगण्याचे भान आणि तिच्या घराण्याची चौकशी करण्याची चिकाटी. सिस्टिनोसिस झालेल्या मुलाच्या डोळ्यात आज तासातासाला पडणारा थेंब त्याच चौकशीतून आलेला आहे.